सफरचंद पडले एकदाच, हिशेब चालला वीस वर्षे: आयझॅक न्यूटनची गोष्ट

गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनने लावलाच नाही, तो आमच्या ग्रंथांत आधीपासून होता, असा संदेश व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. त्याला उत्तर म्हणून आपल्याही काही ग्रुपवर दुसरा संदेश येतो: छे, हे तर बुद्धांनीच सांगून ठेवले आहे. दोन्ही संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांना न्यूटनने नेमके काय केले ते माहीत असते, हा प्रश्नच आहे. शाळेतही आपल्याला इतकेच सांगितले जाते की तो बागेत बसला होता, डोक्यात सफरचंद पडले आणि शोध लागला. हे म्हणजे साक्षात्काराची कथा झाली. खरी गोष्ट वेगळी आहे, आणि ज्याची ती आहे तो माणूस मखरात बसवण्यासारखाही नव्हता.

इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यातले वूल्सथॉर्प हे छोटे गाव. तिथे २५ डिसेंबर १६४२ रोजी आयझॅक जन्मला. ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची. आजच्या पंचांगाने ४ जानेवारी १६४३. वडील शेतकरी. शेतीवाडी बरी होती, पण त्यांना स्वतःची सही करता येत नव्हती. मुलाच्या जन्माच्या तीन महिने आधीच ते वारले. मूल अपुऱ्या दिवसांचे, जगेल की नाही अशीच सगळ्यांना शंका. तो तीन वर्षांचा असताना आईने शेजारच्या गावच्या एका वयस्क पाद्र्याशी दुसरे लग्न केले आणि मुलाला आजीकडे ठेवून ती निघून गेली. सावत्र बाप मेल्यावर ती परत आली तेव्हा आयझॅक दहा वर्षांचा होता. पुढे कॉलेजात असताना त्याने आपल्या पापांची एक यादी सांकेतिक लिपीत लिहिली. आई आणि सावत्र बापाला घरासकट जाळून टाकण्याची धमकी आपण दिली होती, ही नोंद त्या यादीत आहे.

आईला वाटे मुलाने शेती सांभाळावी. तिने त्याला शाळेतून काढलेही. पण मेंढ्या राखायला पाठवावे तर हा झाडाखाली पुस्तक घेऊन बसायचा. शेवटी मामा आणि ग्रँथमच्या शाळेचे मास्तर यांनी आईची समजूत घातली आणि १६६१ मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला.

दाखल झाला तो सबसायझर म्हणून. कमी पैशात शिकायचे आणि त्या बदल्यात श्रीमंत विद्यार्थ्यांची व शिक्षकांची कामे करायची, अशी ही पद्धत. निरोप पोचवायचे, पंगतीला वाढायचे, आणि त्यांचे जेवण उरकले की उरलेल्यावर आपले भागवायचे. आई खाऊनपिऊन सुखी होती, तरी तिने पैसे सोडले नाहीत. वसतिगृहात राहून, कुणाच्या तरी मेसमध्ये काम करून शिकलेल्या आपल्या मुलांना हे वाचून काही ओळखीचे वाटेल. पण बरोबरी इथेच थांबवावी. १६६४ मध्ये न्यूटनला शिष्यवृत्ती मिळाली आणि ती पायरी त्याच्यापुरती पुसली गेली. जातीची पायरी शिष्यवृत्तीने पुसत नाही.

१६६५ मध्ये प्लेग आला, विद्यापीठ बंद पडले आणि बावीस वर्षांचा हा पदवीधर गावी परतला. पुढची जवळजवळ दोन वर्षे, मधला थोडा काळ सोडला तर, तो वूल्सथॉर्पलाच होता. सफरचंदाची गोष्ट याच काळातली. ती त्याने स्वतःच म्हातारपणी सांगितली. मृत्यूच्या वर्षभर आधी, १६२६ नव्हे तर १७२६ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे घटनेनंतर साठ वर्षांनी, विल्यम स्टुकली या स्नेह्याशी बागेत चहा घेताना. त्यात सफरचंद डोक्यात पडत नाही, नुसते पडते. त्याला पडलेला प्रश्न मात्र महत्त्वाचा होता. फळ नेहमी सरळ खालीच का येते, तिरके किंवा वर का जात नाही? ते पृथ्वीच्या मध्याकडे ओढले जात असेल, तर ही ओढ झाडाच्या शेंड्यापर्यंतच असते की त्याहून वर, अगदी चंद्रापर्यंत पोचते?

इथे जरा थांबू, कारण खरे काम या प्रश्नानंतर सुरू होते. पडणाऱ्या वस्तूंचे मोजमाप इटलीतल्या गॅलिलिओने आधीच केले होते. हवेचा अडथळा नसेल तर जड आणि हलकी वस्तू एकाच वेगाने खाली येतात. पहिल्या सेकंदात वस्तू सुमारे ४.९ मीटर खाली येते, आणि दोन सेकंदांत दुप्पट नव्हे तर चौपट. आता चंद्राकडे पाहा. गोफणीतला दगड दोरी सुटली की सरळ रेषेत निघून जातो. दोरीची ओढ असते तोवरच तो गोल फिरतो. चंद्रही ओढ नसती तर सरळ निघून गेला असता. त्या सरळ रेषेपासून तो दर सेकंदाला थोडा थोडा पृथ्वीकडे वळतो, म्हणजेच पडतो. चंद्र सतत पडतो आहे, पण तितकाच पुढेही सरकतो आहे, म्हणून तो जमिनीवर येऊन आदळत नाही.

किती पडतो? चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे साठ पट अंतरावर आहे. अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाई, तिप्पट झाले की नववा भाग, असा नियम असेल, तर साठ पट अंतरावर ओढ ३६०० पट कमी हवी. ४.९ मीटरला ३६०० ने भागले की दीड मिलिमीटरलाही थोडे कमी येते. चंद्र किती दिवसांत फेरी पूर्ण करतो यावरून वेगळा हिशेब केला, तरी तो एका सेकंदात तेवढाच वळतो. झाडावरून पडणारे फळ आणि आकाशात फिरणारा चंद्र यांना एकच नियम लागू पडतो. स्वर्गाचे कायदे वेगळे आणि मातीचे वेगळे, ही युरोपातली जवळजवळ दोन हजार वर्षांची समजूत या एका भागाकाराने मोडली.

पण पहिल्या खेपेस भागाकार नीट जुळला नव्हता. न्यूटनच्या हाताशी पृथ्वीच्या आकाराचा जो आकडा होता तो खऱ्याहून लहान होता. उत्तर जवळपास आले, नेमके आले नाही. शिवाय एवढ्या मोठ्या पृथ्वीची सगळी ओढ तिच्या मध्यबिंदूतूनच येते असे कशावरून धरायचे, हेही सिद्ध व्हायचे होते. त्याने कागद बाजूला ठेवले. कुणाला सांगितले नाही, मिरवले नाही.

पुढचे दिवस भराभर गेले. १६६९ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, तो केंब्रिजमध्ये गणिताचा लुकासियन प्राध्यापक झाला. आरशाची दुर्बीण बनवली, १६७२ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. प्रकाशावरच्या पहिल्याच निबंधावर रॉबर्ट हूकने टीका केली, ती त्याला इतकी झोंबली की तो अनेक वर्षे लोकांपासून तुटून राहिला. त्या वर्षांत त्याने धातूंची किमया आणि बायबलमधली भाकिते यांवर ढीगभर कागद लिहिले. विज्ञानाचा हा महापुरुष भट्टीपाशी बसून पाऱ्याचे प्रयोग करत होता, हे लपवायचे कारण नाही.

ऑगस्ट १६८४ मध्ये एडमंड हॅले हा तरुण खगोलशास्त्रज्ञ त्याला भेटायला केंब्रिजला आला. अंतराच्या वर्गाने कमी होणारी ओढ असेल तर ग्रहाची वाट कशी असेल, असे त्याने विचारले. न्यूटनने तत्काळ सांगितले की लंबवर्तुळ, आणि हे आपण गणिताने काढले आहे. पण कागद काही सापडेना. त्याने सिद्धता पुन्हा मांडून नोव्हेंबरात पाठवली, आणि मग तो थांबलाच नाही. जुलै १६८७ मध्ये प्रिन्सिपिया हा ग्रंथ लॅटिनमध्ये प्रसिद्ध झाला. रॉयल सोसायटीने आपला पैसा माशांवरच्या एका सचित्र ग्रंथात घालवला होता आणि तो ग्रंथ खपत नव्हता. म्हणून प्रिन्सिपिया छापायचा खर्च हॅलेने स्वतः केला. त्याचा पगार भागवायला सोसायटीने त्याला त्या माशांच्या पुस्तकाच्याच उरलेल्या प्रती दिल्या. हॅले नसता तर हा ग्रंथ निघाला असता का, कोण जाणे. चळवळीत भाषण करणाऱ्याचे नाव राहते, सभागृहाचे भाडे भरणारा विसरला जातो. हॅलेच्या नशिबी निदान एक धूमकेतू आला.

याच ग्रंथातला एक प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. न्यूटनने लाकडाच्या दोन सारख्या पेट्या केल्या आणि त्या अकरा-अकरा फुटांच्या दोऱ्यांना लंबकासारख्या टांगल्या. एकीत लाकूड भरले, दुसरीत तेवढ्याच वजनाचे सोने. मग चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, पाणी आणि गहू. पेट्या सारख्या असल्याने हवेचा अडथळाही सारखाच. दोन्ही लंबक शेजारी शेजारी खूप वेळ झोके घेत राहिले, बरोबरीने. हजारात एका भागाचाही फरक असता तर या प्रयोगात दिसला असता, असे त्याने नोंदवले. पृथ्वी सोन्याला वेगळे आणि गव्हाला वेगळे वागवत नाही. जड वस्तूला ती जास्त जोराने ओढते हे खरे, पण जड वस्तू हलवायलाही त्याच प्रमाणात जास्त जोर लागतो, म्हणून दोघींचा वेग एकच राहतो. कागद तरंगत येतो आणि दगड धपकन पडतो, तो फरक हवेचा. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर, जिथे हवा नाही, हातोडा आणि पक्ष्याचे पीस एकदम सोडले. दोन्ही बरोबर खाली आले.

वजनाचीही गोष्ट त्यातच आहे. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ रिशे दक्षिण अमेरिकेतल्या कायेन इथे, विषुववृत्ताजवळ गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ दिवसाला अडीच मिनिटे मागे पडू लागले. न्यूटनने कारण दिले: पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ती विषुववृत्तावर फुगली आहे आणि ध्रुवांवर चपटी झाली आहे, म्हणून विषुववृत्तापाशी ओढ कमी भासते. पुढे १७३६ मध्ये फ्रेंच मोहिमेने उत्तरेकडच्या लॅपलँडमध्ये जाऊन जमीन मोजली आणि पृथ्वी चपटी निघाली. आज आपण ध्रुवावर ६० किलो भरणाऱ्या माणसाला स्प्रिंगच्या काट्यावर विषुववृत्तापाशी उभे केले, तर काटा सुमारे ३०० ग्रॅम कमी दाखवील. माणूस तोच, त्याचे वस्तुमान तेच. बदलते ते वजन.

भरती-ओहोटीचेही तसेच. चैत्यभूमीमागचा समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. चंद्र आपल्या बाजूच्या पाण्याला पृथ्वीपेक्षा जास्त ओढतो आणि पलीकडच्या पाण्याला कमी, म्हणून पाणी दोन्हीकडे फुगते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. कोळ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ते का होते, हे गणिताने मांडले न्यूटनने. उंच डोंगरावरून पुरेशा वेगाने तोफगोळा सोडला तर तो पृथ्वीभोवती फिरतच राहील, हेही त्यानेच दाखवले; आजचे उपग्रह असेच पडत-पडत फिरतात. अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण नसते, असे अनेकांना वाटते. तिथे ते जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के असते. स्थानक आणि आतली माणसे एकत्रच पडत असतात, म्हणून ती तरंगतात.

आता त्या संदेशांकडे येऊ. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणीत लिहिले आहे की पृथ्वी आपल्या शक्तीने वस्तूंना स्वतःकडे ओढते. हे खरे आहे आणि ते सांगायला आपल्याला संकोच नको. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची नोंद आहे. पण पृथ्वी ओढते असे म्हणणे वेगळे, आणि किती ओढते, अंतराने ती ओढ कशी कमी होते, तीच चंद्राला कशी लागू होते हे मोजून दाखवणे वेगळे. आणि बुद्धांनी गुरुत्वाकर्षण सांगितले होते, असे म्हणणाऱ्या आपल्या मित्रांनी महापरिनिब्बान सुत्त उघडून पाहावे. तिथे भूकंपाचे कारण सांगताना पृथ्वी पाण्यावर, पाणी वायूवर आणि वायू आकाशात आधारलेला आहे, अशी त्या काळची विश्वकल्पना येते. ती आज टिकत नाही, आणि टिकवण्याची गरजही नाही. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले, एवढ्यावरून काही मानू नये, ही कालाम सुत्ताची शिकवण ज्यांनी घेतली, त्यांना धम्म मोठा ठरवायला न्यूटनचे श्रेय उचलून आणावे लागत नाही.

गुरुत्वाकर्षण असते कसे हे सांगणाऱ्या न्यूटनने ते असते का, याचे उत्तर मात्र दिले नाही. मध्ये काहीच नसताना सूर्य एवढ्या दुरून पृथ्वीला ओढतो कसा, म्हणून युरोपातल्या विद्वानांनी त्याला धारेवर धरले. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने स्पष्ट केले की कारण मला निरीक्षणांतून सापडलेले नाही आणि मी ते कल्पनेने रचणार नाही. मालुंक्यपुत्ताच्या प्रश्नांना बाजूला ठेवणारे तथागत इथे कुणाला आठवतील. पण साम्य फार ताणू नये. त्याच आवृत्तीत न्यूटनने ग्रहांची ही रचना ईश्वराने केली असे ठासून लिहिले आहे. त्याचे गणित मात्र ईश्वराशिवायही चालते. त्याच्या नियमातली फटही पुढे सापडली. बुध ग्रहाची कक्षा किंचित सरकते, तिचा पूर्ण हिशेब न्यूटनच्या नियमाने लागत नव्हता. तो १९१५ मध्ये आइन्स्टाइनने लावला.

आता त्याने आयुष्यभर झाकून ठेवलेली गोष्ट. बायबल आणि जुनी चर्च-कागदपत्रे बारकाईने वाचून न्यूटनची खात्री पटली होती की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच ईश्वर, हा सिद्धांत मागाहून घुसडलेला आहे. तो शिकवत होता त्या कॉलेजचे नावच या त्रित्वावरून, ट्रिनिटी. कॉलेजात राहायचे तर पाद्रीपदाची दीक्षा घ्यावी लागे. तो राजीनाम्याच्या बेतात होता, इतक्यात १६७५ मध्ये लुकासियन प्राध्यापकाला त्या अटीतून सूट देणारा राजाचा हुकूम निघाला. तो वाचला, आणि गप्प राहिला.

भीती खोटी नव्हती. १६९७ मध्ये एडिंबरामध्ये टॉमस एकनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला त्रित्व आणि बायबलची थट्टा केल्याबद्दल फाशी दिली गेली. भाड्याचे घर मिळावे म्हणून आडनाव गिळणाऱ्या, ऑफिसात बुद्धांचा फोटो टेबलाच्या खणात ठेवणाऱ्या आपल्या माणसांना ही भीती कळेल. पण न्यूटन काही कायम दुबळा राहिला नाही. त्याच्या जागेवर आलेला विल्यम व्हिस्टन हीच मते उघडपणे मांडू लागला आणि १७१० मध्ये विद्यापीठाने त्याला हाकलले. तेव्हा न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता, सर होता, टांकसाळीचा प्रमुख होता. तरी त्याने व्हिस्टनच्या बाजूने तोंड उघडले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे झाले ते लाखोंच्या समोर, दिवसाउजेडी झाले. न्यूटनचे धर्मांतर पेटीतच राहिले.

सत्ता हाती आल्यावर तो कठोर झाला. १६९६ मध्ये लंडनच्या टांकसाळीत गेल्यावर त्याने खोटी नाणी पाडणाऱ्यांचा पिच्छा पुरवला. साक्षीदारांना स्वतः तपासून विल्यम चॅलोनरला १६९९ मध्ये फासावर पोचवले. वर्गाच्या नियमाचे थोडे श्रेय हूकने मागितले, तेव्हा त्याने ग्रंथातले हूकचे उल्लेख कापत नेले. कलनशास्त्र आधी कोणाचे, यावर लायब्निट्झशी वाद झाला, तेव्हा सोसायटीची चौकशी समिती नेमली आणि तिचा अहवाल स्वतःच लिहिला. साउथ सी कंपनीचे शेअर त्याने घेतले होते. स्पेनच्या वसाहतींना आफ्रिकेतली माणसे गुलाम म्हणून पुरवण्याचा ठेका याच कंपनीकडे होता. १७२० मध्ये तो फुगा फुटला आणि न्यूटनची मोठी रक्कम बुडाली. चरित्रांत बुडालेल्या पैशाची हळहळ पुष्कळ सापडते, त्या माणसांची फारशी नाही.

मार्च १७२७ मध्ये तो वारला. मरणापूर्वी चर्चचा अखेरचा संस्कार घ्यायला त्याने नकार दिला; एवढेच काय ते उघडपणे केले. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेत, त्याच चर्चच्या छपराखाली, थाटामाटाने पुरण्यात आले. नातेवाइकांनी कागदपत्रे एका जाणकाराला दाखवली, त्याने बहुतेक गठ्ठ्यांवर छापण्यालायक नाही असा शेरा मारला आणि ते दोनशे वर्षे बांधून पडले. १९३६ मध्ये लंडनच्या लिलावात ते फुटकळ भावाने विकले गेले. किमयेचे बरेचसे कागद अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी मिळवून केंब्रिजला दिले. त्रित्वाविरुद्धचे पुष्कळसे अब्राहम याहुदा या ज्यू अभ्यासकाने घेतले. ते आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि कुणालाही वाचता येतात.